‘ट्रापिस्ट’ ही चव नव्हे

दुबेल (गडद तपकिरी) आणि ट्रिपेल (सोनेरी, जास्त कडक) या बेल्जियन बिअर चाखून लिहिलेल्या टिपणांत ‘अस्सल ट्रापिस्ट चव’ हे शब्द हमखास येतात. ट्रापिस्ट हा कॅथलिक मठवासीयांचा एक पंथ; त्याच्या काही मठांत बिअर बनते. पेल्यातल्या बिअरविषयी त्यातून काहीच कळत नाही.

मठांतली बिअर जुनी असली, तरी आज चाखल्या जाणाऱ्या या शैली विसाव्या शतकातल्या आहेत. 1919 मध्ये बेल्जियमने बारमध्ये जिनसारखी कडक दारू विकायला बंदी केली आणि जास्त चढणाऱ्या बिअरला गिऱ्हाईक मिळालं. अँटवर्पजवळच्या वेस्टमाल मठाची सोनेरी ट्रिपेल 1934 ची. 9.5 टक्के अल्कोहोल असूनही ती जिभेवर हलकी लागते, कारण त्यात घातलेली साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं. नुसत्या माल्टवर एवढी ताकद आणायला गेलं, तर बिअर जड आणि चिकट होते.

नाव झालं तशी नक्कल सुरू झाली. 1962 मध्ये गेंटच्या न्यायालयाने ‘ट्रापिस्ट’ हे नाव मठांच्या बाजूने राखलं. 1997 नंतर अस्सल ट्रापिस्ट उत्पादनांवर लावायचं षटकोनी चिन्ह आलं. त्याच्या अटी तीन: उत्पादन मठाच्या आवारात, देखरेख मठवासीयांची, नफा मठाच्या गरजा आणि समाजकार्यासाठी. चवीची अट एकही नाही. दोन मठांच्या बिअर पाहा: ऑर्वाल कोरडी, कडवट, रानटी यीस्टच्या वासाची; रोशफोर 10 गडद, मनुकांसारखी, 11.3 टक्क्यांची. दोन्ही ट्रापिस्टच. 2021 मध्ये आखेलच्या मठात कोणी मठवासी उरले नाहीत म्हणून तिथल्या बिअरचं चिन्ह गेलं; चवीत खोट निघाली म्हणून नव्हे.

असं असताना 2015 मध्ये बिअर स्पर्धांच्या परीक्षकांसाठीच्या एका प्रमुख मार्गदर्शिकेने दुबेल, ट्रिपेल आणि गडद स्ट्राँग एल (एल हा बिअरचा एक प्रकार) यांच्या गटालाच ‘ट्रापिस्ट एल’ म्हटलं. ग्राहकाला ओळखीचं नाव, हे त्यामागचं समर्थन. पण त्यामुळे घरी बनवलेली ट्रिपेलही स्पर्धेत ‘ट्रापिस्ट’ गटात बसू लागली आणि मूळ गोंधळ पक्का झाला. 2021 च्या आवृत्तीत गट ‘मोनॅस्टिक एल’ (मठातली एल) झाला. दुरुस्ती योग्यच, पण अर्धवट: नाव अजूनही बनवणाऱ्याकडे बोट दाखवतं, बिअरकडे नाही.

असाच घोळ या बिअरमध्ये घातल्या जाणाऱ्या ‘कँडी’ साखरेचा. शब्दाचं मूळ संस्कृत ‘खंड’, म्हणजे आपल्या खडीसाखरेचं सख्खं नातं. म्हणून घरी बिअर बनवणारे साखरेचे पांढरे खडे टाकतात आणि दुबेल फिकी राहते. रंग आणि मनुकांची चव येते ती गडद कँडी पाकातून. पांढरा खडा म्हणजे साधी साखरच.

ट्रिपेल 8 ते 10 अंशांवर, रुंद तोंडाच्या पेल्यात घ्यावी. तळाचं बोटभर यीस्ट बाटलीतच ठेवून आधी निवळ भाग चाखावा, मग गाळ ढवळून ओतावा आणि फरक नोंदवावा. लवंग-मिरीचा वास यीस्टमधून येतो, मसाल्यातून नव्हे. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर आंबवणं सुरुवातीलाच फार गरम झालेलं असतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बहुधा साठवणुकीचा दोष. मुंबई-पुण्यात आयात बाटली उन्हाळ्यात गरम गोदामात पडून राहिली, तर हे सहज घडतं. म्हणून टिपणात बाटलीवरची तारीख सर्वांत आधी लिहावी.