कंपन चाचणीत ‘मुक्त’ म्हणजे किती मुक्त?

धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कंपनाच्या आकृत्या दाखवणारा प्रयोग १७८७ मध्ये छापून आला. त्यामागचं गणित मांडणाऱ्या निबंधाला पॅरिसमध्ये १८१६ साली पारितोषिक मिळालं, पण पत्र्याच्या मोकळ्या कडेला कोणत्या अटी लावायच्या, हा घोळ १८५० मध्ये मिटला. तोही कागदावर.

प्रयोगशाळेत तो विमानांमुळे पुन्हा वर आला. १९१६ मध्ये एका ब्रिटिश बाँबफेकी विमानाची शेपटी हवेत जोरात थरथरू लागली आणि त्या थरथरीचा अभ्यास सुरू झाला. आज नवं विमान उडण्याआधी जमिनीवरच हलवून तपासतात, आणि तेव्हा ते हवेत असल्यासारखं ‘मुक्त’ असावं लागतं.

एक मीटर लांब, दहा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी घ्या. एक टोक घट्ट आवळलं तर तिची पहिली नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का देऊन सोडल्यावर ती सेकंदाला जितक्या वेळा आपणहून थरथरते तो सर्वांत कमी आकडा, सुमारे ८ हर्ट्झ येते. तीच पट्टी मोकळी सोडली तर सुमारे ५२. पट्टी तीच, फरक फक्त धरण्याचा. त्यातही ८ हा आकडा प्रत्यक्षात सहसा गाठता येत नाही, कारण पट्टी आवळणारा शिकंजा स्वतः थोडा लवतो आणि वारंवारता खाली येते. बोल्ट किती आवळला, यावरही आकडा हलतो. म्हणून ‘पूर्ण जखडलेलं’ उभं करण्यापेक्षा ‘पूर्ण मुक्त’ उभं करणं सोपं, असा विचार रुजला. पट्टीपुरता तो बरोबर आहे. दोन्ही टोकांपासून २२.४ सेंटिमीटरवर, जिथे पहिल्या कंपनात पट्टी हलतच नाही, तिथे रबरी दोर बांधून ती टांगली की काम झालं.

पण मुक्त म्हणजे टांगलेलं, आणि टांगलं की दोराची स्वतःची वारंवारता आली. ती वस्तूच्या पहिल्या वारंवारतेच्या एक दशांशाखाली ठेवा, असा दंडक आहे. गंमत पुढे आहे. दोरावर वस्तू १ हर्ट्झने झुलायची असेल तर वजनाने दोर २५ सेंटिमीटर ताणला पाहिजे. अर्ध्या हर्ट्झला एक मीटर. ०.१ हर्ट्झला २५ मीटर! मोठ्या प्रवासी विमानाचे पंख तर एक-दोन हर्ट्झलाच डोलू लागतात. मग चाकांतली हवा कमी करणं किंवा खाली हवेच्या स्प्रिंगा घालणं, अशा तडजोडी आल्या. माझ्या मते तडजोडीत काही वावगं नाही. अहवालात नुसतं ‘मुक्त’ लिहून आधाराची वारंवारता गाळणं मात्र चूक आहे. गणिती प्रारूप त्याच आकड्यांवर जुळवतात आणि आधाराचा लवचीकपणा पंखाच्या खात्यात जमा होतो.

१९६५ मध्ये जलद फूरिये रूपांतराची, म्हणजे कंपनाच्या नोंदीतून त्यातल्या वारंवारता झटपट वेगळ्या काढण्याची, रीत प्रसिद्ध झाली. त्यानंतर हातोड्याच्या एका ठोक्यात अनेक वारंवारता मिळू लागल्या, आणि आधाराकडे बघणं आणखी मागे पडलं.

उपग्रहाच्या चाचणीत वाद उलट्या बाजूने येतो. उपग्रह शेकरच्या, म्हणजे हलवणाऱ्या यंत्राच्या, जाड टेबलावर बोल्टने बसतो. खरं रॉकेट मात्र उपग्रहाच्या वजनाखाली, उपग्रहाच्या अनुनादाला (हलवण्याची वारंवारता त्याच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळून थरथर वाढते तेव्हा), थोडं दबतं. टेबल दबत नाही, त्यामुळे उपग्रहाला उड्डाणात कधी न लागणारा मार बसतो. म्हणून अनुनादापाशी टेबलाचा जोर मुद्दाम कमी करतात. किती कमी करायचा, यावर उपग्रह बनवणारे आणि रॉकेट देणारे अजून भांडतात.