नायट्रेट: घालवण्यापासून घालण्यापर्यंत

मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात आज एकाच फळीवर दोन बाटल्या दिसतात. एक नायट्रेट कमी करणारी, दुसरी वाढवणारी. गिऱ्हाईक तेच, टाकीही तीच. गणपतीत पहिली नेतो आणि होळीला दुसरी. तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या रीफवाल्याला, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्याला, ही दुसरी बाटली दाखवली असती, तर त्याने आपल्याला वेड्यात काढलं असतं. त्याची हयात नायट्रेट घालवण्यात गेली होती.

माशांना टाकलेलं खाणं, त्यांची विष्ठा, खडकामागे मरून पडलेली एखादी गोगलगाय, या सगळ्यातून अमोनिया सुटतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. पुढे जिथे प्राणवायू पोचत नाही तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात, आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. मासे पाळणाऱ्यांना यातला पहिला अर्धा भाग लवकर जमला. दुसऱ्या अर्ध्यासाठी शंभराहून जास्त वर्षं गेली.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीहून थोडी कोरल लंडनला आणली. थंड पाण्यातली, एकेकटी वाढणारी जात. समुद्राचं ताजं पाणी लंडनमध्ये रोज कुठून मिळणार? मग आहे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी उभं राहून या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, रोज अर्धा-पाऊण तास. हे काम घरातल्या मोलकरीण पोरीकडे होतं. आज आपण ज्यासाठी पाणी हलवत ठेवणारे हजारो रुपयांचे वेव्हमेकर लावतो ते काम ती पोर दोन हातांनी करत होती, आणि कोरल जगली.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४९ मध्ये, लंडनमधल्याच रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पानं कुजून काच बरबटली, तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या आणि पाणी निवळलं. वनस्पती प्राणवायू देते, मासा कर्बवायू देतो, गोगलगाय कचरा खाते, असा हिशेब त्याने १८५० मध्ये मांडला. नायट्रोजनचा रकाना त्या वहीत कोरा होता.

तो रकाना भरण्याच्या कामाला पुढे लागला त्याचाच मुलगा. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, आणि तो रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीवर काम करायचा. १८७७ मध्ये श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंचांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी हळूहळू झिरपत सोडलं होतं. वीस दिवस काहीच घडलं नाही. जेवढा अमोनिया आत जायचा तेवढाच बाहेर यायचा. मग नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की ते थांबे, म्हणजे हे काम कुठल्यातरी जिवंत गोष्टीचं होतं. नवी टाकी ‘सायकल’ व्हायला, म्हणजे तिच्यात हे जिवाणू रुळायला, तीनेक आठवडे थांबा असं आज दुकानदार सांगतो, ते हेच वीस दिवस. धाकट्या वॉरिंग्टनने हे काम दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या जिवांकडून होतं हे दाखवलं, पण ते जिवाणू वेगळे काढणं त्याला साधलं नाही. ते सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९० मध्ये केलं. बापाने मत्स्यालय मांडलं आणि ते चालतं कशावर याचा माग मुलाने शेतातल्या मातीत काढला. या छंदाच्या सगळ्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत आवडतो.

एवढं कळूनही ते टाक्यांपर्यंत यायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. वाळूखाली जाळी बसवून पाणी वाळूतून खाली ओढणारे फिल्टर घरोघरी पोचले, तेव्हा अमोनियाचं भय गेलं. पण त्या वाळूला शेवटपर्यंत प्राणवायू मिळत राहायचा, म्हणजे साखळी नायट्रेटपाशी येऊन थांबायची. नायट्रेट पन्नास पीपीएम (दहा लाख भागांत पन्नास) झालं आणि वीस टक्के पाणी बदललं की चाळीस. पुढच्या आठवड्यात पुन्हा पन्नास. माशांना त्याचं फारसं वाटत नसे. कोरल मात्र महिना-दोन महिन्यांत मान टाकायची, आणि घरात कोरल जगत नाहीत हे जवळपास सर्वमान्य होतं.

त्याला अपवाद जाकार्ताचा ली चिन एंग. याच्याकडे फिल्टरच नव्हता. समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले खडक, समुद्राचंच पाणी आणि हवेचे बुडबुडे, बस्स. आपली पद्धत त्याने १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात लिहिली. वाचणाऱ्यांनी कौतुक केलं आणि सोडून दिलं. जाकार्ताच्या माणसाला ताजा खडक आणि ताजं पाणी हाताशी होतं, शिकागोच्या माणसाने ते कुठून आणायचं? पण उत्तर त्या खडकातच होतं. सच्छिद्र खडकाच्या बाहेरच्या थरात अमोनियाचं नायट्रेट होतं आणि आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या पोकळ्यांत त्याचा वायू. साखळी एकाच दगडात पुरी होते.

हा दगड आणि स्किमर यांची जोडी जमवली ती जर्मन मंडळींनी, मुख्यतः पश्चिम बर्लिनमध्ये. पेटर विल्केन्स आणि डीट्रिश श्टूबर ही त्यातली मोठी नावं. पावसाळ्यात किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो तो आठवा. पाण्यातली प्रथिनं बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. स्किमर म्हणजे हेच काम एका उभ्या नळकांड्यात. वरच्या कपात काळपट हिरवा अर्क जमतो आणि तो ओतताना बोटाला लागला तर वास साबणाला दाद देत नाही. ही घाण सडून अमोनिया होण्याआधीच बाहेर पडते, ही त्यातली खरी चलाखी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बर्लिनच्या टाक्यांत कोरल नुसती जगली नाहीत, वाढली. श्टूबरच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोराची (ही फांद्यांची कोरल) कलमं देशोदेशी गेली.

अमेरिका याच सुमारास दुसऱ्या वाटेने निघाली होती. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिटच्या लेखमालेतून टपकत्या फिल्टरची लाट आली. प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकत सोडायचं, भरपूर हवा, भरपूर जिवाणू. अमोनिया क्षणात गायब व्हायचा आणि नायट्रेट धो धो वाढायचं. पुढच्या दशकात लोकांनी हेच गोळे टाकीखालच्या फिल्टरच्या पेटीतून (संपमधून) मूठमूठ उपसून काढले. मधल्या काळात वॉल्टर एडीने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये जाळीवर शेवाळ वाढवून ते खरवडून काढायची पद्धत चालवली, तर मोनॅकोच्या सागर संग्रहालयात जाँ जोबेरने वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवली. दोन्ही पद्धतींना आजही भक्त आहेत.

इथवर ‘नायट्रेट किती असावं?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पिढीने आपल्या हातातल्या यंत्राकडे बघून दिलं. वाळूखालचा फिल्टर होता तेव्हा चाळीस चालायचं. स्किमर आल्यावर दहा, मग पाच. आदर्श मात्र एकच सांगितला जायचा: समुद्रातल्या प्रवाळबेटांवर नायट्रेट जवळपास शून्य, म्हणून आपल्याकडेही शून्य.

२००० नंतरच्या दशकात तेही साधलं. जर्मनीतूनच युक्ती आली, टाकीत थेंबाथेंबाने व्होडका घालायची. कार्बनचा सहज पचणारा खुराक मिळाला की जिवाणू झपाट्याने वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात आणि स्किमर त्या जिवाणूंनाच बाहेर काढतो. (घरात वडील माळकरी असतील तर ही बाटली माशांसाठी आहे हे पटवणं कठीण. व्हिनेगरनेही काम होतं.) टेस्ट किटमध्ये पाणी नितळ राहू लागलं, म्हणजे नायट्रेट शून्य. आणि त्याच टाक्यांत कोरल फिकट पडू लागली, टोकाकडून पांढरी होऊ लागली, वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेली लाळ पसरू लागली. ती लाळ डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय सूक्ष्मजीवांची. बाकी सगळे उपाशी मेले की रान त्यांना मोकळं.

चूक शून्य या आकड्याच्या अर्थात होती. प्रवाळबेटावरून पाणी अखंड वाहत असतं. त्यात नायट्रेट नाममात्र असलं तरी ते सारखं येत राहतं, सोबत प्लवकांचा खाऊ येतो, माशांचे थवे अंगावरून जाताना विष्ठा टाकतात. दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीतलं शून्य म्हणजे रिकामा डबा. २०१३ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार अशी स्थिती असेल तर उष्णता आणि प्रकाशाच्या ताणाखाली कोरल लवकर पांढरी पडतात. म्हणजे एकट्या नायट्रेटचा आकडा पुरेसा नव्हता, जोडीला फॉस्फेट बघायला हवं होतं. त्यातून रेडफील्ड गुणोत्तराचा जप सुरू झाला. खुल्या समुद्रातल्या प्लवकांत नायट्रोजनचे सोळा अणू असतील तर फॉस्फरसचा एक, हे ते गुणोत्तर. ते नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात मांडलं तर साधारण दहास एक येतं. प्रत्यक्षात पाच-दहा पीपीएम नायट्रेटला ०.०५ ते ०.१ फॉस्फेट ठेवणारे लोक शंभरास एकवर असतात आणि त्यांच्या टाक्या झकास दिसतात. रेडफील्डचं नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हा भागाकार करून बघितलेला असतो.

आता तो आकडा येतो कुठून ते बघा. घरगुती किट नायट्रेट थेट मोजतच नाही. आधी जस्ताची भुकटी त्याचं नायट्राइट करते आणि त्या नायट्राइटवर गुलाबी रंग चढतो. हा रंग पेटर ग्रीसचा. हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडमधल्या बर्टनला बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. १८७९ मधली त्याची ही चाचणी थोड्या फेरफाराने आजही आपल्या नळीत घडते. भुकटी बाटलीच्या तळाशी बसते, म्हणून बाटली जोरजोरात हलवा असं पत्रकावर लिहिलेलं असतं. मी ते वाचलं नव्हतं. चार महिने माझं नायट्रेट शून्य होतं आणि मी ऐटीत फिरत होतो. एक दिवस बाटली हातातून फरशीवर पडली, उचलून तशीच वापरली, आणि नळी गडद गुलाबी झाली. चाळीसच्या वर. दुसरी फसगत एककाची. काही किट फक्त नायट्रेटमधला नायट्रोजन सांगतात. त्याला ४.४ ने गुणलं की नेहमीचा आकडा येतो. दोन मित्रांची भांडणं यावरून झालेली मी पाहिली आहेत.

आपल्याकडे या इतिहासाला एक वेगळा फाटा आहे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, समुद्र समोरच. घरच्या टाकीला मात्र आरओचं पाणी आणि पिशवीतलं मीठ. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, त्यामुळे मालवणच्या पाण्यातून खडक काढून आणणं म्हणजे वाघाच्या शिकारीच्या रांगेतला गुन्हा. ली चिन एंगची वाट इथे बंद आहे, आणि ती बंद असावी हेच बरं. म्हणून आपल्या बहुतेक टाक्या कोरड्या, निर्जीव खडकावर सुरू होतात. त्या खडकाच्या पोकळ्यांत अजून कोणी राहायला आलेलं नसतं. पहिल्या महिन्यांत स्किमर जोरात, मासे दोनच, खाणं चिमूटभर. मग नायट्रेट खरोखरचं शून्य होतं आणि वाळूवर ती तपकिरी लाळ येते. अशा वेळी दुकानदार फळीवरची दुसरी बाटली काढून देतो. घ्यायला हरकत नाही. पण त्याआधी आठवडाभर स्किमर रात्रीपुरता बंद ठेवून माशांना दुप्पट खायला घालून बघा. बाटलीत जे आहे तेच त्या खाण्यातूनही तयार होतं, फक्त जरा उशिरा.