सोळांपैकी दहाच का?

लुई ब्रेलने १८२९ साली पॅरिसमध्ये अंधांना बोटाने वाचता येणारी आपली लिपी पहिल्यांदा प्रसिद्ध केली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तिच्या एका चौकटीत सहा ठिपक्यांच्या जागा असतात: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. प्रत्येक जागी ठिपका उठवलेला असतो किंवा नसतो. म्हणजे प्रत्येक अक्षर ही १ आणि ० यांची सहा अंकी माळच. दर जागेला दोन पर्याय, म्हणून २×२×२×२×२×२ = ६४ माळा. त्यातली कोरी चौकट म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा.

इथवर शाळेतलं गणित झालं. गंमत पुढे आहे. पहिल्या दहा रोमन अक्षरांना (a ते j) ब्रेलने वरच्या चारच जागा (१, २, ४, ५) वापरल्या. चार जागांच्या माळा होतात १६. मग दहाच का?

बोटाला चौकट दिसत नाही, फक्त ठिपके लागतात. एकटा पाचवा ठिपका आणि एकटा पहिला ठिपका बोटाला सारखेच. गोंधळ टाळायचा तर आकृतीचा निदान एक ठिपका वरच्या ओळीत (१, ४) आणि निदान एक डाव्या उभ्या ओळीत (१, २) हवा.

आता नको असलेल्या मोजू. वरची ओळ रिकामी असलेल्या माळा ४, डावी ओळ रिकामी असलेल्याही ४. पण दोन्ही ओळी रिकाम्या असलेल्या २ माळा (कोरी चौकट आणि एकटा पाचवा ठिपका) दोनदा मोजल्या गेल्या. त्या एकदा वजा करायच्या: ४+४−२ = ६. सोळातून सहा गेले, उरले दहा. आणि ब्रेलची पहिली दहा अक्षरं म्हणजे नेमक्या याच दहा आकृत्या, एकही कमी-जास्त नाही!

पुढची दहा अक्षरं यांनाच तिसरा ठिपका जोडून होतात. मराठीसाठी वापरल्या जाणाऱ्या भारती ब्रेलमध्येही हा सांगाडा दिसतो: ‘अ’ला तिसरा ठिपका दिला की ‘क’, ‘ब’चा ‘ल’, ‘च’चा ‘म’, ‘द’चा ‘न’.

त्याच दहा आकृत्या एक पायरी खाली सरकवल्या की विरामचिन्हं मिळतात. स्वल्पविराम म्हणजे एकटा दुसरा ठिपका. तो अक्षराला चिकटून येतो, त्यामुळे शेजारच्या उंचीवरून बोटाला तो खाली असल्याचं कळतं.