भुसा नुसता दाबून ब्रिकेट (जळणाची वडी) होत नाही
‘लाकडात लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा नैसर्गिक घटक) असतं, म्हणून वखारीतला भुसा साच्यात दाबला की गोंदाशिवाय ब्रिकेट तयार,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. लिग्निन मऊ होऊन चिकटायला प्रचंड दाब आणि 100 अंशांहून जास्त उष्णता लागते. कारखान्यातल्या यंत्रात ती घर्षणाने मिळते, घरच्या साच्यात नाही. घरी भिजवलेल्या रद्दीचा लगदा किंवा शेण मिसळावंच लागतं. मग वड्या कडक उन्हात आतपर्यंत वाळवा. ओलसर वडी बंबात नुसती धुमसते. आणि कळकळीने सांगते, प्लायवूड किंवा एमडीएफचा (लाकडाचा चुरा चिकटवून केलेल्या फळ्यांचा) भुसा नकोच, त्यातल्या रेझिनचा, म्हणजे चिकटवणाऱ्या रसायनाचा, धूर विषारी असतो. कोरडा भुसा भरपूर असेल तर जुनी भुशाची शेगडीच बरी. मधे बाटली उभी धरून भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची, खालून पेटवायचं. वड्या पाडायची गरजच नाही.