पिगीबॅक आणि प्लग-इन स्टँडअलोन: कपलर तोच, कारभार वेगळा

जुन्या गाडीचं इंजिन स्वतः ट्यून करायची हौस लागली, की "प्लग अँड प्ले ईसीयू घे" हा सल्ला हमखास मिळतो. ईसीयू म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचा हिशेब ठेवून इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. घोळ असा की या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दोन्ही छोट्या काळ्या डब्या. दोन्ही कंपनीच्या कपलरला, म्हणजे वायरिंगच्या टोकाच्या जोडाला बसतात, त्यामुळे वायर कापाव्या लागत नाहीत, आणि बहुतेकींना लॅपटॉप जोडता येतो. पण त्यातली एक गाडीच्या मूळ ईसीयूच्या कानाला लागते आणि दुसरी त्याला घरी बसवते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे डबीचे कपलर पाहायचे. एका बाजूला नर आणि दुसऱ्या बाजूला मादी, म्हणजे मूळ वायरिंग डबीत येऊन पुढे मूळ ईसीयूकडे जाणार असेल, तर ते पिगीबॅक. वायरिंग डबीतच येऊन संपत असेल आणि मूळ ईसीयू खोक्यात घालून माळ्यावर ठेवायचा असेल, तर ते स्टँडअलोन. मूळ ईसीयू जागेवर ठेवून स्टँडअलोन त्याला समांतर जोडणारेही आहेत, म्हणजे मीटर आणि एसी जुना सांभाळतो, इंजिन नवा. पण तो पुढचा अभ्यास.

पिगीबॅकमध्ये दोन जाती आहेत. पहिली सेन्सरचा निरोप मध्येच अडवून बदलते. जपानच्या अपेक्सी कंपनीचा सुपर एएफसी हा तिचा गाजलेला नमुना. किती हवा आत गेली हे सांगणारा सिग्नल तो थोडा कमी किंवा जास्त करून पुढे पाठवतो. हवा कमी दाखवली की ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. इथवर ठीक. पण त्याच हवेच्या आकड्यावरून ईसीयू इग्निशनचं टायमिंगही ठरवतो. हवा कमी म्हणजे इंजिनवर लोड कमी असं समजून तो ठिणगी आधी पाडू लागतो. म्हणजे पेट्रोल कमी झालं, टायमिंग पुढे गेलं, आणि दोन्ही गोष्टी इंजिनाला नॉकिंगकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप भडकण्याकडे ढकलणाऱ्या. तुम्ही फिरवलात फक्त पेट्रोलचा स्क्रू. टर्बो नसलेल्या इंजिनात थोडक्या बदलाला हे खपून जातं. टर्बो लावलेल्या इंजिनात पिस्टनवर बेततं.

डिझेलवाल्यांचा "ट्यूनिंग बॉक्स" याच जातीचा. कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल तो कमी करून दाखवतो. दाब पडला असं वाटून ईसीयू तो वाढवतो, आणि नोझलमधून डिझेल जास्त पडतं. पिकअप वाढल्याचं लगेच जाणवतं, त्यामुळे ग्राहक खूश. रेलमध्ये खरा दाब किती झालाय हे मात्र आता ईसीयूलाही ठाऊक नसतं.

दुसरी जात ईसीयूच्या बाहेर पडणाऱ्या हुकमात हात घालते. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी कधी पाडायची हे ईसीयूने ठरवल्यावर त्यात आपली भर टाकते. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक यातलं. आपल्याकडे बुलेट आणि केटीएमवाल्यांनी ते पाहिलेलं असतंच. ही पद्धत पहिल्यापेक्षा प्रामाणिक, कारण पेट्रोल आणि टायमिंग वेगवेगळं हलवता येतं.

तरीही दोन्ही जातींना एक दुखणं आहे. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलं की पहिले चार दिवस सगळे वेळेवर निघतात, पाचव्या दिवसापासून जो तो मनात दहा मिनिटं वजा करतो. ईसीयूचं तसंच. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर त्याला मिश्रण दाट की पातळ हे सांगत असतो, आणि १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे गणित जुळेपर्यंत तो आपला हिशेब सुधारत राहतो. तुम्ही आठवडाभर खपून घातलेला बदल तो काही दिवसांत पुसून टाकतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र जुने ईसीयू त्या सेन्सरकडे फारसे बघत नाहीत, म्हणून तिथला बदल टिकतो. पिगीबॅक लावलेली गाडी हायवेवर बदललेली वाटते आणि गावात होती तशीच, त्याचं कारण हे.

आता स्टँडअलोन. ही वस्तू हौशी माणसाच्या आवाक्यात आणण्याचं मोठं श्रेय मेगास्क्वर्टला जातं. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकन इंजिनियरांनी २००१च्या सुमारास त्याची सुरुवात केली. सर्किट बोर्ड आणि सुटे भाग मागवायचे, टाक्याने स्वतः जोडायचे, असा तो मामला होता. पहिली आवृत्ती फक्त पेट्रोल सांभाळायची, इग्निशन नंतर आलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्ट्युअर्टने आर्डुइनो मेगा २५६०वर स्पीडुइनो बांधला, म्हणजे कॉलेजातली पोरं ज्या बोर्डवर दिवे लुकलुकवतात त्यावर इंजिन चालू लागलं. मोटेकसारख्या रेसिंगच्या ईसीयूला हजारो डॉलर मोजावे लागतात, त्यापुढे ही किंमत किरकोळ. आणि ज्यांना टाका मारायचा नाही त्यांच्यासाठी याच जातीचे ईसीयू ठरावीक गाडीच्या कपलरसकट तयार मिळू लागले.

यातली सगळ्यांत लाडकी गाडी म्हणजे १९८९ला आलेली माझ्दा एमएक्स-५, अमेरिकेत मिआटा. तिच्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनात हवा मोजायला एक मोठा धातूचा डबा असतो, आत स्प्रिंगवर झुलणारा पडदा. प्लग-इन मेगास्क्वर्ट बसवला की तो डबा काढून टाकता येतो. नवा ईसीयू मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांतला) दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून हवेचा हिशेब करतो. डब्याच्या जागी साधा पाइप आणि त्यात तापमानाचा एक चिमुकला सेन्सर. "फक्त कपलर लावा" या जाहिरातीतला पहिला अपवाद इथेच भेटतो.

दुसरा अपवाद टायमिंगचा. गाडी सुरू झाली म्हणून लगेच फिरवायला काढायची नाही. लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ हे ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर उघडून टायमिंग १० अंशांवर बांधून टाकायचं, टायमिंग लाइटची (प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याची) पकड पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरला लावायची आणि क्रँक पुलीवर प्रकाश मारायचा. पुलीवरची खाच बरोबर १०च्या खुणेसमोर थांबलेली दिसली पाहिजे. ती १४वर दिसली, तर स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा चार अंशांनी खोटा आहे, आणि ते स्क्रीन स्वतः कधीच सांगणार नाही. खूण जुळेपर्यंत सेटिंगमधला कोन बदलत राहायचं.

मग खरं काम. मेगास्क्वर्ट-३ किंवा स्पीडुइनोमध्ये पेट्रोलचा मुख्य तक्ता १६ गुणिले १६, म्हणजे २५६ खाने. सोबत मिळणारा मॅप, म्हणजे आधीच भरलेला तक्ता, गाडी सुरू होण्यापुरता असतो, तुमच्या इंजिनाचा नसतो. शिवाय सकाळी थंड इंजिन उठवायला किती जास्त पेट्रोल, सुरू झाल्यावर ते किती वेळात कमी करायचं, एसी लावला की आयडलिंग किती उचलायचं, थ्रॉटल अचानक दाबला तर काय, हे सगळं आता तुमच्या माथी. कंपनीचे इंजिनियर ज्यासाठी बर्फात आणि वाळवंटात गाड्या घेऊन जातात ते काम तुम्ही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये करताय. हौस असेल तर यासारखी मजा नाही. सोमवारी याच गाडीने ऑफिस गाठायचं असेल तर मात्र घरचे बोलणार.

म्हणून "स्वस्त" हा शब्द डबीपुरताच समजावा. जुन्या गाडीतला कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर फक्त दाट की पातळ एवढंच सांगतो, किती ते नाही. ट्यूनिंगला ते 'किती' मोजणारा वाइडबँड सेन्सर हवाच, बहुधा बॉशचा एलएसयू ४.९ आणि त्याचा कंट्रोलर. तो खर्च आधीच धरावा. वाइडबँडशिवाय स्टँडअलोन विकत घेणाऱ्याने पिगीबॅकच घ्यावं, किंवा त्याहून बरं, काहीच घेऊ नये.

माझा कल विचाराल तर गाडी जुनी, सुट्टीची आणि टर्बो लावायचा बेत असेल तेव्हा स्टँडअलोन, डोळे मिटून. पेट्रोल आणि टायमिंग दोन्ही आपल्या हातात असल्याशिवाय टर्बोच्या वाटेला जाऊ नये. एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट एवढाच बदल असेल तर दुसऱ्या जातीचं पिगीबॅक पुरतं. काढून टाकलं की गाडी पुन्हा कंपनीची, ही त्याची मोठी सोय.

नव्या गाड्यांना मात्र हा सगळा हिशेब लागू होत नाही. तिथे ईसीयू एकटा नसतो. मीटर, एबीएस, चोरी रोखणारं इमोबिलायझर, सगळे कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या सामाईक डेटा-वायरींवर, एकमेकांशी बोलत असतात. त्यातला एक काढून हौशी डबी बसवली की बाकीचे गप्प होतात किंवा गाडी सुरूच होऊ देत नाहीत. बीएस-६ गाडीत म्हणूनच लोक मूळ ईसीयूतलंच सॉफ्टवेअर बदलून घेतात, ज्याला रीमॅप म्हणतात. तो वेगळाच तिसरा प्रकार. आणि रस्त्यावरच्या गाडीत यातलं काहीही करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम वाचावं. कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल ते करू देत नाही, मग डबीला कपलर एक असो की दोन.