द मार्बल इंडेक्स

‘द मार्बल इंडेक्स’ हा जर्मन गायिका व गीतकार निको (१९३८–१९८८) हिचा दुसरा स्वतंत्र अल्बम असून अमेरिकेतील इलेक्ट्रा कंपनीने तो नोव्हेंबर १९६८ मध्ये बाजारात आणला. त्याचे नाव विल्यम वर्ड्सवर्थच्या ‘द प्रील्यूड’ या दीर्घकाव्यात न्यूटनच्या पुतळ्याविषयी आलेल्या ओळींतून घेतले आहे.

आदल्या वर्षीच्या ‘चेल्सी गर्ल’ या तिच्या पहिल्या अल्बममधील बहुतेक गाणी इतरांची होती, शिवाय निर्मात्याने तिला न विचारता त्यांत बासरी घातली होती, ती ऐकून आपल्याला रडू आले, असे निकोने पुढे सांगितले. ‘द मार्बल इंडेक्स’मधील शब्द आणि चाली मात्र तिच्या स्वतःच्या आहेत आणि हाताशी हार्मोनियम आहे. मराठी श्रोत्याला हार्मोनियम म्हटले की भजनातली पेटी आठवते. निकोची पेटी मात्र गळ्यामागे धावत नाही, ती एकच सूर बराच वेळ धरून ठेवते आणि त्यावर तिचा खर्जातला आवाज संथपणे, फारसा चढउतार न करता फिरतो. या पेटीचा सूर इतर वाद्यांशी नीट जुळत नसे, तरीही संगीतसंयोजक जॉन केल याने व्हायोला, पियानो, घंटा यांचे थर तिच्याभोवती रचले. ‘इव्हनिंग ऑफ लाइट’मध्ये किणकिणत्या सुरावटीखालून एक घरघर वर येत जाते आणि अखेरीस सगळे गाणेच व्यापते.

आठ रचनांचा हा जेमतेम अर्ध्या तासाचा अल्बम त्या वेळी फारसा खपला नाही. लोकगीताच्या वळणाचे गाणे अपेक्षिणाऱ्यांना तो थंड आणि परका वाटला, तर रॉक ऐकणाऱ्यांना त्यात ठेका सापडला नाही. खरे तर त्याची घडण मध्ययुगीन चर्चमधील गायनाला अधिक जवळची आहे. समीक्षक लेस्टर बँग्झ याने पुढे त्यावर एक दीर्घ निबंध लिहिला. या संगीताची आपल्याला भीती वाटते, हे त्यात मोकळेपणाने मान्य करूनही त्याने त्याला थोर ठरवले. अल्बमविषयीचे हे सर्वांत प्रामाणिक लेखन मानावे लागेल.

अल्बमला पुढे प्रतिष्ठा मिळण्यात समीक्षकांइतकाच वाटा तरुण वादक-गायकांचा आहे. ‘सूझी अँड द बॅन्शीज’ या ब्रिटिश रॉक बँडने १९७८ च्या दौऱ्यात निकोला सोबत घेतले आणि ‘बाउहाउस’ या ब्रिटिश बँडचा गायक पीटर मर्फी याने गॉथिक संगीताचे, म्हणजे रॉकमधील उदास, गूढ वळणाच्या शैलीचे, मूळ तिच्यात पाहिले. १९९१ च्या पुनर्प्रकाशनात आधी वगळलेल्या दोन रचना जोडण्यात आल्या. त्यांपैकी ‘निबेलुंगेन’ ती पेटीशिवाय, निव्वळ आवाजात गाते.