गुरप्रीत की विशाल? हा वाद आजचा नाहीये

सध्या भारताच्या फुटबॉल टीमवर बोलायला चार जण जमले की पाच मिनिटांत गाडी गोलकीपरवर येते, गुरप्रीत सिंग संधू की विशाल कैथ, आमच्या इंदूरमध्येसुद्धा, जिथे तसं सगळं क्रिकेटच चालतं. एक जण म्हणतो गुरप्रीत आता संपला, दुसरा म्हणतो विशालला मोठ्या मॅचचा दाब झेपत नाही, आणि दोघांकडे पुरावा म्हणून एकेका मॅचमधली एकेक चूक असते. म्हणून म्हटलं हे सगळं आलं कुठून ते एकदा नीट लिहावं.

आधी ताजं प्रकरण. 18 नोव्हेंबर 2024, हैदराबाद, मलेशियाविरुद्ध मैत्रीपूर्ण मॅच. 19व्या मिनिटाला गुरप्रीत सिंग संधू बॉक्स सोडून पुढे धावला, बॉल मिळाला नाही आणि पाउलो जोसुएने रिकाम्या जाळ्यात गोल टाकला. पुढे आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने हेडरवर बरोबरी केली, मॅच 1-1 सुटली, पण लोकांच्या डोक्यात राहिला तो गुरप्रीतच. मार्च 2025 मध्ये मालदीव आणि बांगलादेशविरुद्ध कोच मानोलो मार्केझने विशाल कैथला उभं केलं, आणि त्यात चूक काहीच नव्हती, कारण मोहन बागानकडून विशालचा सीझन जबरदस्त गेला होता, आयएसएलचं (इंडियन सुपर लीग) गोल्डन ग्लव्ह, म्हणजे सर्वोत्तम कीपरचं बक्षीस, त्याने 2022-23 नंतर 2024-25 मध्ये परत मिळवलं. मग जूनमध्ये हाँगकाँगविरुद्ध स्कोअर 0-0 असताना विशाल इंज्युरी टाइममध्ये क्रॉस पंच करायला गेला, हात बॉलऐवजी समोरच्या खेळाडूला लागला, पेनल्टी, 0-1. मार्केझ गेला, ऑगस्टमध्ये खालिद जमील आला आणि गोलमध्ये पुन्हा गुरप्रीत. काफा नेशन्स कपमध्ये (मध्य आशियातली स्पर्धा) ओमानविरुद्ध शूटआउट जिंकून आपण तिसरे आलो तेव्हा शेवटची पेनल्टी अडवली ती त्यानेच.

म्हणजे वर्षभरात जागा दोनदा फिरली आणि दोन्ही वेळा चर्चा फक्त एका चुकीची. मला हेच खटकतं. स्ट्रायकरने तीन चान्स घालवले तरी चौथ्यावर तो हिरो होतो, कीपरला तो चौथा चान्स नसतो, म्हणून त्याची निवड एका चुकीवरून केली तर कोणीच टिकणार नाही. कोचला आधी हे ठरवावं लागतं की आपली टीम कशी खेळणार आणि त्या खेळाला कोणत्या जातीचा कीपर लागतो, आणि मग त्याच्या मागे उभं राहावं लागतं.

ही "जात" नियमांमुळेच बदलत आलीये. 1871 च्या नियमांत गोलकीपर पहिल्यांदा वेगळा धरला गेला, 1912 पर्यंत तो आपल्या अख्ख्या हाफमध्ये बॉल हाताने धरू शकायचा, मग ते फक्त पेनल्टी एरियापुरतं उरलं. खरा उलटफेर 1992 चा, बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल, हातात घ्यायची बंदी आली आणि कीपरला पायाने खेळणं भागच पडलं. पण काही कोच त्याच्याही आधी तिथे पोचले होते. 1974 च्या वर्ल्ड कपला हॉलंडचा कोच रिनस मिशेल्सने यान यांगब्लूटला घेतलं, 33 वर्षांचा कीपर, तोवर नॅशनल टीमकडून जेमतेम खेळलेला, जर्सी नंबर 8. डिफेन्स पुढे सरकून खेळणार तर मागची मोकळी जागा कोणीतरी धावून भरली पाहिजे, ते याला जमायचं. टीम फायनलला गेली.

जर्मनीतही 2006 आधी असाच गदारोळ झाला. ऑलिव्हर कान म्हणजे 2002 च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू, त्याला बाजूला करून कोच क्लिन्समनने वर्ल्ड कपच्या दोन महिने आधी दुसरा कीपर येन्स लेमनचं नाव जाहीर केलं, कारण लेमन गोललाइन सोडून पुढे खेळायचा आणि टीमला तेच हवं होतं. क्वार्टर फायनलला अर्जेंटिनाविरुद्ध शूटआउट, त्याआधी कान स्वतः लेमनजवळ गेला, हात हातात घेतला, आणि लेमनने आयाला आणि कॅम्बियासोच्या पेनल्टी अडवल्या. मोठं मन लागतं हो त्याला.

कधी कधी मात्र निवड कोच करतच नाही. 1970 च्या वर्ल्ड कपमध्ये वेस्ट जर्मनीविरुद्धच्या क्वार्टर फायनलआधी इंग्लंडच्या गॉर्डन बँक्सचं पोट बिघडलं, पीटर बोनेटीला उतरावं लागलं, 2-0 पुढे असलेली टीम 3-2 हरली आणि बोनेटीला ते आयुष्यभर ऐकावं लागलं. 2002 च्या वर्ल्ड कपआधी स्पेनचा कीपर कान्यिझारेसच्या पायावर आफ्टरशेव्हची बाटली पडली, टेंडन कापला, आणि 21 वर्षांचा कासियास नंबर वन झाला.

आता आपल्याकडचं. आपला सगळ्यात मोठा कीपर पीटर थंगराज, हैदराबादचा, आर्मीतून घडलेला, सहा फुटांच्या वर उंच. सुरुवात केली फॉरवर्ड म्हणून आणि नंतर गोलमध्ये आला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकला आपण चौथे आलो तेव्हा टीममध्ये दोन कीपर होते, थंगराज आणि मुंबईच्या क्लबांतून खेळलेले एस. एस. नारायण, दोघंही एकमेकांच्या तोडीचे, आणि असं भाग्य आपल्या टीमला नंतर क्वचितच मिळालं. 1958 मध्ये थंगराजला आशियाचा सर्वोत्तम गोलकीपर म्हटलं गेलं. मग 1962, जकार्ता, एशियन गेम्स. थंगराज तापाने आडवा, मधल्या मॅचेस प्रद्युत बर्मन खेळला आणि टीम फायनलला पोचली. आता विचार करा, फायनलला पोचवणारा कीपर बसवून आजारातून उठलेल्याला उतरवायचं, समोर साउथ कोरिया ज्याने पहिल्याच मॅचमध्ये आपल्याला 2-0 हरवलेलं, आणि वर अख्खं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडतंय. कोच सय्यद अब्दुल रहीमसाहेबांनी थंगराजलाच उतरवलं. आपण 2-1 जिंकलो, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंगचे. त्यानंतर एशियन गेम्सचं फुटबॉल गोल्ड आजतागायत आलेलं नाही. बर्मनचं नाव मात्र फार कोणाला माहीत नसतं, ते माहीत असायला पाहिजे.

पुढची यादी पटकन सांगतो. 1982 च्या दिल्ली एशियाडला भास्कर गांगुली कीपर आणि कॅप्टनही, क्वार्टर फायनलला सौदीकडून शेवटच्या मिनिटांत 1-0 ने गेलो. मग गोव्याचा ब्रह्मानंद शंखवाळकर, साळगावकरचा कीपर, 83 ते 86 भारताचा कॅप्टन, पद्मश्री मिळाली थेट 2022 मध्ये. 2011 च्या एशियन कपला सुब्रत पाल, तीन मॅचेसमध्ये 13 गोल खाल्ले तरी दोहाहून परतला तो नाव कमावून, कारण त्याने अडवलेले शॉट बघितलेल्या कोणालाही कळत होतं की तो नसता तर काय झालं असतं. आणि मग गुरप्रीत, नॉर्वेत स्टाबेक क्लबकडून युरोपा लीग खेळला, 2019 मध्ये दोहात कतारला 0-0 रोखलं, 2023 च्या सॅफ (दक्षिण आशियाई स्पर्धा) फायनलला कुवेतची शेवटची पेनल्टी अडवली.

इथे थोडं फुटबॉल सोडून महूला जाऊ या, इंदूरच्या शेजारचंच, आणि माझ्या मते गोलकीपर निवडीची आपल्या भागातली सगळ्यात बोलकी गोष्ट तिथली आहे. शंकर लक्ष्मण. महूत जन्म, सुरुवात फुटबॉलने, 1947 मध्ये आर्मीत बँडवाला म्हणून भरती, मराठा लाइट इन्फंट्रीत गेले आणि हॉकीचे गोलकीपर झाले. 1956, 60, 64, सलग तीन ऑलिंपिक फायनल. मेलबर्नला भारताने 38 गोल केले आणि एकही खाल्ला नाही. 1960 ला पाकिस्तानकडून 1-0 हरलो, म्हणजे कीपरवर खापर फोडायला सगळी सोय होती, पण निवडणारे त्यांच्यामागे उभे राहिले आणि टोकियोला त्याच पाकिस्तानला 1-0 हरवून गोल्ड आलं. 1966 च्या एशियन गेम्सला तेच कॅप्टन, परत गोल्ड. आणि दोनच वर्षांनी 1968 च्या ऑलिंपिक टीममधून नाव गायब. त्यांनी हॉकीच सोडली. 2006 मध्ये महूतच गेले, पायाला गँगरीन होऊन, हलाखीत. इंदूरमधल्या किती शाळकरी पोरांना हे नाव माहीत आहे हा विचार आला की वाईट वाटतं.

इटलीचा दिनो झॉफ 40 व्या वर्षी वर्ल्ड कप जिंकला, म्हणजे वय हा काही कीपरला काढायचा नियम नाही, आणि गुरप्रीत तर 1992 चा. त्याला वय सांगून घालवू नका, पण त्याच्यामागे कोण तयार होतंय ते तर सांगा. 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपला धीरज सिंगने काय कीपिंग केलं होतं, 2021 ला एफसी गोवा क्लबकडून आशियातल्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्येही चमकला, तरी सीनियर टीममध्ये त्याची जागा पक्की झाली नाही. कीपरची एकच जागा असते, दोन नंबरचा बेंचवर बसून गंजतो, आणि मोठी मॅच आली की म्हणायचं याला अनुभव नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरकडून 2-1 हरून 2027 च्या एशियन कपचं दार बंद झालंय. आता पुढच्या मैत्रीपूर्ण मॅचेसमध्ये हरण्याजिंकण्याचं फार काही उरलं नाही, तर जमीलने एक कीपर निवडावा, ओळीने पाच-सहा मॅचेस द्याव्यात, आणि मध्ये एखादा गोल चुकीने खाल्ला तरी पुढच्या मॅचला तोच उभा दिसावा.